धुण्याच्या झऱ्यावरचा बर्फ

बायको मालसुन गेल्याचं कळलं तेव्हा तेबोक अंगणात कोबी धूत बसला होता.

वर्षभराची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. ऐंशी गड्डे आदल्या दिवशी चिरून मिठात घातले होते. मालसुन सकाळच्या बसने चुनचॉनला दवाखान्यात गेली होती, रक्ताचा अहवाल आणायला. जाताना फाटकातून ओरडून गेली, "तीन पाण्यांतून काढा. चौथं देऊ नका, चव जाते. आणि माझी वाट बघत बसू नका, हात चालवा." तेबोकचं दुसरं पाणी चाललं होतं तेव्हा गावप्रमुख चाँगबे आला. टोपी हातात होती. चाँगबेला टक्कल आहे, तो झोपतानाही टोपी काढत नाही असं गाव म्हणतं. ती हातात बघितल्यावर तेबोकचे हात पाण्यातच थांबले.

बसस्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या ती गेली. काखेत अहवालाचं पाकीट होतं. अहवाल चांगला आला होता.

तेबोकने सगळं ऐकून घेतलं आणि तिसरं पाणी भरायला उठला. शेजारची ओकजा धावत आली. तिने त्याच्या हातातली बादली काढून घेतली. "दाजी, कपडे बदला. चुनचॉनला जायचंय. कोबीचं मी बघते." ओकजा मालसुनला ताई म्हणायची, म्हणून तेबोक तिचा दाजी. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून.

हे नोव्हेंबरात झालं. जानेवारीत तळं गोठलं.

जुनं हानगोल गाव तळ्याच्या तळाशी आहे. धरण झालं तेव्हा घरं, शाळा, गिरणी सगळं पाण्याखाली गेलं आणि माणसं चढावर येऊन राहिली. शेतं राहिली ती उतारावरची, मिरचीची आणि मक्याची. त्यांच्यावर काही भागत नाही. गाव जगतं ते हिवाळ्यावर. बर्फाला भोक पाडून बोटाएवढे चंदेरी मासे धरायला सोलहून माणसं येतात, पोरंबाळं घेऊन, तंबू घेऊन, सासू-सासऱ्यांना घेऊन. पंधरा-वीस दिवसांचा हंगाम असतो. तीस हिवाळे तळ्याने एकही माणूस गिळलं नव्हतं.

ते काम मालसुनचं होतं. कुणी दिलं नव्हतं, तिने घेतलं होतं. भोंगा घेऊन ती काठावर उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायची. "ए निळी टोपी! सहा जण एका भोकाशी काय करताय, लग्न आहे का? पांगा!" "तंबूची दारं लावून आत कोळसा पेटवू नका. मासे धरायला आलात की मरायला?" "बर्फ फुटला तर पुढं झेप घ्यायची नाही. जिकडून आलात तिकडं तोंड फिरवा. तिकडच्या बर्फाने तुम्हाला एकदा पेललंय. पाय मारा, पोटावर सरपटा, लोळत जा. उभं राहाल तर पुन्हा आत जाल." सगळ्या गावाला ते पाढ्यासारखं पाठ होतं. पाठ झालेलं माणूस ऐकत नाही. तेबोकही ऐकत नसे.

आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस ती मक्याच्या वाळल्या ताटांची मोळी घेऊन तळ्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात जायची. तिथे बर्फात ताटं रोवून एक कडं करायची. गावातले पुरुष हसायचे. "वहिनी बर्फात मका पेरतात. कणसं आली की कळवा!" ती म्हणायची, "तुम्ही बुडालात की कळवा." मोळी तेबोकच काठापर्यंत नेऊन टाकायचा आणि तिथल्या शेकोटीशी बसायचा. एकदा ती म्हणाली होती, "चला की, जागा दाखवते." तो म्हणाला होता, "बायकांच्या जागेत मी काय बघू?" वसंतात बर्फ वितळायचा, ताटं वाहून जायची. खूण उरायची नाही.

यंदा पावसाने ओढ दिली होती. तळं दोन पुरुष उतरलं होतं. नेहमीच्या जागेवरचा बर्फ खाली चिखलावर बसला आणि त्याला तडे गेले. मासेही तिथून निघून गेले. राहिला तो पूर्वेचा कोपरा. मंगळवारी चाँगबे दोघा गड्यांना घेऊन तिथे गिरमिट चालवत होता तेव्हा तेबोक काठीने चाचपत पोचला.

"बारा भोकं पाडली, दादा," चाँगबे म्हणाला. "तीस तीस पावलांवर. बाराही ठिकाणी वीतभराहून जाड. काळा, एकसंध बर्फ. यावर बैलगाडी नाचवा."

"इथं मालसुन ताटं रोवायची."

"कुठं?"

तेबोकने हात केला. हात कोपऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.

"म्हणजे कुठं?"

"धुण्याच्या झऱ्यावर."

"आणि तो कुठाय?"

हानगोलच्या पुरुषांना डोळे मिटून सांगता येतं की गिरणी कुठे होती, शाळेच्या पायऱ्या किती होत्या, कुणाचा बैल कुठल्या झाडाला बांधलेला असे. धुण्याचा झरा कुठे होता ते एकालाही सांगता येत नाही. तिथे पुरुष जातच नसत. सगळी नदी गोठली तरी त्या झऱ्याला वाफ यायची, आणि गावच्या बायका हिवाळाभर तिथे धुणं बडवत बसायच्या. सासवांची, नवऱ्यांची गाऱ्हाणी तिथेच व्हायची. त्या बाजूने यायची वेळ आली तर पुरुषाने लांबूनच खोकायचं, मान खाली घालायची आणि वरच्या वाटेने जायचं. पोरगा पायावर उभा राहिला की त्यालाही तिथून हाकलत. तेबोक बहात्तर वर्षांचा होता. धरण होईपर्यंत त्याच्या अंगावरचं प्रत्येक धुतलेलं कापड त्या झऱ्यातून आलं होतं आणि झरा त्याने पाहिला नव्हता.

"ते ऊन पाणी वर येतं आणि बर्फाला खालून खातं," तो म्हणाला. "तळं भरलेलं असलं की ऊब वाटेतच जिरते. यंदा पाणी उतरलंय, चाँगबे. झरा बर्फाच्या पोटाशी आलाय. वरून हिम पडलंय, दिसायला सगळं सारखंच."

"तुम्ही म्हणता ते खोटं नसेल. पण मला जागा सांगा, मी आत्ता दोर लावतो. 'इकडं कुठंतरी' याला दोर लावता येत नाही. सगळा कोपरा बंद करायचा तर हंगाम बंद. मग गावाला तुम्हीच सांगा."

"सगळीकडं भोकं पाड."

"चाळण करू तळ्याची? आणि त्या पातळ जागी गिरमिट घेऊन कोण उभं राहणार?" चाँगबेने हातमोजे झटकले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शनिवारी माणसं येणार, दादा. शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा."

"नाही सापडली तर?"

"तर बारा भोकं खरी." पण हे म्हणताना त्याने तेबोककडे बघितलं नाही.

तेबोकने मालसुनला कुठलंच वचन दिलेलं नव्हतं. तिने मागितलंही नव्हतं. पण तीस हिवाळे तिने एक माणूस जाऊ दिलं नाही, आणि ती गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात कुणी गेलं तर ते त्याच्यामुळे जाणार होतं. तो मोळी टाकून शेकोटीशी बसला होता म्हणून.

बुधवारी सकाळी तो गावाच्या सभाघरात गेला. तिथे बायकांची एक खोली आहे, खालून शेकलेल्या जमिनीची. म्हाताऱ्या दिवसभर तिथे पाय पसरून पत्ते खेळतात. तेबोकने दारातून खोकून हाक दिली.

"आत या दाजी, खोकताय काय? आता आमच्यात चोरण्यासारखं काही उरलं नाही," ओकजा म्हणाली. बाकीच्या हसल्या.

तो उंबऱ्याशीच बसला आणि काय झालं ते सांगितलं. हसणं थांबलं. पत्ते तसेच हातात राहिले.

"एल्मच्या त्या थोरल्या झाडाखाली होता की," एक म्हणाली.

"झाड गेलं, त्याला चाळीस वर्षं झाली. झाड काय सांगतेस?"

"गिरणीपासून खाली दोनशे पावलं."

"तुझी पावलं की तुझ्या सासूची? ती तर लंगडायची."

"उभ्याने आठवतच नाही बाई," ओकजा म्हणाली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात देत खोलीच्या मधोमध उकिडवी बसली. हातात लाकडी थापी असल्यासारखी मूठ वळली. दोनदा जमीन बडवली. मग मान वर करून भिंतीकडे बघत म्हणाली, "हं. आता दिसतंय. समोर कोंबडकडा. कड्याचा तुरा दोन टेकड्यांच्या खाचेत बरोबर बसलेला. बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. ताईचा दगड माझ्या शेजारी, अगदी झऱ्याच्या तोंडाशी."

"माझ्या दगडावरून तुरा अर्धाच दिसायचा," कोपऱ्यातून बोकनाम म्हणाली. ती सगळ्यांत थोरली, ब्याऐंशीची.

"तू पार खालच्या टोकाला होतीस. आमचा मळ तुझ्याकडं यायचा. म्हणून तर तुझ्या नवऱ्याचा सदरा कधी पांढरा निघाला नाही."

"माझा नवराच पांढरा नव्हता, सदऱ्याला काय बोल लावतेस!" बोकनाम म्हणाली. "पण मला दुसरं आठवतं. मालसुनला निरोप द्यायचा असला की मी तिच्या दगडाशी जाऊन बसायची. तिथून उजवीकडं मान केली की पांढऱ्या दरडीच्या कडेला शाळेमागचा सुळका चिकटलेला दिसायचा. त्या सांध्यावर ऊन आलं की आम्ही घरी निघायचो."

तेबोक बघत राहिला. चाळीस वर्षं गावातले पुरुष सोजू दारूचे पेले मांडून जुनं गाव उभं करत बसत, आणि इथे भिंतीपलीकडे पत्ते खेळत गावाचा अर्धा नकाशा बसला होता. कुणी विचारलं नव्हतं.

"कडा जागेवर आहे," तो म्हणाला. "दरडही आहे. सुळकाही आहे."

"मग काय!" ओकजा म्हणाली. "आम्हाला न्या बर्फावर. पण उचलून न्यायचं. माझे गुडघे चालायचे नाहीत."

गुरुवारी हिम पडत राहिलं आणि कडा दिसेना. तेबोक दर तासाला बाहेर येऊन बघून जायचा. शुक्रवारी आभाळ फुटलं. थंडी इतकी की नाकातले केस ताठ झाले. सगळं गाव काठावर उभं होतं. ओकजा आणि बोकनाम दोन घसरगाड्यांवर रजया गुंडाळून बसल्या होत्या आणि गडी त्यांना दोराने ओढत होते.

"हळू रे! नवरी म्हणून आले तेव्हाही एवढे धक्के बसले नव्हते," बोकनाम ओरडत होती.

ओकजाला काठाजवळच्या जाड बर्फावर इकडून तिकडे फिरवलं. एका ठिकाणी ती किंचाळली, "थांब! तुरा खाचेत बसला!" तिथून कोंबडकड्याकडे सरळ जाणारी ती तिची रेघ. बोकनामला दुसऱ्या बाजूने फिरवलं. सुळका दरडीला चिकटला तशी तिनेही हात वर केला. ती तिची रेघ. दोघी झऱ्यापासून लांब, पक्क्या बर्फावर. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे मालसुनचा दगड.

तिथे तेबोक जाणार होता.

"मी जातो, दादा," चाँगबे म्हणाला. "तुमचं वय आहे का हे?"

"तुझं वजन आहे का हे?" तेबोक म्हणाला. चाँगबे नव्वद किलोचा. गडी हसले आणि चाँगबेने मुकाट्याने दोराचं टोक हातात घेतलं.

दोर तेबोकच्या कमरेला. गळ्यात सुतळीला बांधलेले दोन टोकदार खिळे, मालसुन सगळ्यांना बांधायला लावायची तसे. लांब लाकडी शिडी पुढे ढकलत तो तिच्यावर पोटाने सरपटत निघाला. हातातल्या पहारीने पुढचा बर्फ ठोकायचा, मग शिडी हातभर पुढे.

ठण्ण. ठण्ण.

"डावीकडं, दाजी! माझ्या रेघेच्या बाहेर गेलात!"

ठण्ण.

"माझ्याकडून अजून दहा हात पुढं! अजून! आता थोडं... मालसुन तुमच्यापुढंच बसलीय समजा!" बोकनामची हाक आली.

ठण्ण. ठण्ण. मग आवाज बदलला. धप्प. रिकाम्या भोपळ्यावर मारावं तसा. तेबोकने पहार पुन्हा उचलली आणि हलकेच टाकली. ती बर्फातून आरपार गेली, हातातून सुटली आणि दिसेनाशी झाली. खपलीएवढा बर्फ होता, दोन बोटांचाही नाही.

"सापडला!" तो ओरडला, आणि त्याच्याखालचा बर्फ शिडीसकट बसला.

छातीपर्यंत पाणी आलं. काठावर किंकाळी उठली. तेबोकने श्वास ओढून घेतला, हाडं गोठायची वाट बघितली, आणि ती गोठली नाहीत. पाणी ऊन होतं. चुलीवरून उतरवून निवत ठेवल्यासारखं नाही, पण बाहेरच्या हवेपुढे ऊनच. हातमोज्यांतून ते बोटांना लागलं. या पाण्यात तिचे हात हिवाळाभर असायचे. त्याला ते आज, बहात्तराव्या वर्षी कळत होतं.

पण तिथे बसून राहायची ती वेळ नव्हती. पाढा आपोआप सुरू झाला. पुढं झेप नाही. जिकडून आलास तिकडं तोंड. त्याने तोंड फिरवलं. दोन्ही खिळे मुठीत घेतले आणि बर्फात रोवले. कडा तुटली. पुन्हा रोवले. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा बर्फाने धरलं. पाय मारा. बेडकासारखे पाय मारले. छाती वर आली, पोट आलं.

"ओढा! ओढा!" चाँगबे ओरडत होता आणि दोर असा हिसकत होता की तेबोकच्या बरगड्या वाजल्या.

"सावकाश ओढ, गाढवा! मासा नाही मी!"

उभं राहायचं नाही. तो लोळत निघाला, एक वळसा, दोन वळसे, दहा वळसे, आकाश आणि बर्फ आणि आकाश, आणि खालचा बर्फ पुन्हा ठण्ण वाजेपर्यंत थांबला नाही. मग गड्यांनी त्याला बगलेत धरून काठावर पळवलं. ओले कपडे उतरवले. दोघी म्हाताऱ्यांच्या रजया त्याच्याभोवती गुंडाळल्या आणि सुकटीच्या सुपाचा वाडगा तोंडाला लावला. दात एवढे वाजत होते की अर्धं सूप सांडलं. पण तो हसत होता. मालसुन गेल्यापासून त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"दाजी," ओकजा डोळे पुसत म्हणाली, "सत्तर वर्षं झऱ्याकडं बघायचं नाही म्हणत होतात, आणि आलात ते कपड्यांसकट!"

"धुणं निघालं एकदाचं," बोकनाम म्हणाली. "पिळून वाळत घाला." सगळा काठ हसला.

दुपारी त्यांनी लांबूनच माप घेतलं. बर्फ पातळ होता तो पट्टा दोन घरांच्या अंगणाएवढा निघाला. सातव्या आणि आठव्या भोकाच्या बरोबर मधे. सातव्या भोकापासून अकरा पावलं. अकरा पावलांवर वीतभर जाड बर्फ, आणि इथे खपली. चाँगबेने ती अकरा पावलं दोनदा मोजली आणि बर्फावर खाली बसला.

"उद्या मी इथं लहान पोरांच्या घसरगाड्या ठेवणार होतो," तो म्हणाला. मग उठला आणि घसरगाडीवर बसलेल्या दोघी म्हाताऱ्यांपुढे कमरेत पूर्ण वाकला. लग्नात सासऱ्यापुढे वाकतात तसा.

"पुरे, पुरे," बोकनाम म्हणाली. "दोर लाव आता."

मक्याची ताटं तेबोकने स्वतः रोवली. लांब, पक्क्या बर्फावर, मोठं कडं करून. त्याच्या बाहेर वीस पावलांवर लाल कापडं बांधलेला दोर. त्या कोपऱ्याचा बाकी सगळा बर्फ, ठोकून ठोकून तपासलेला, माणसांसाठी मोकळा.

शनिवारी माणसं आली. गाड्यांची रांग सभाघरापर्यंत गेली. तंबू उगवले, गळ पडले, आणि पहिला चंदेरी मासा भोकातून उडाला तेव्हा एक सोलची सासू जावयाच्या गळ्यातच पडली. भोंगा ओकजाकडे होता. ती खुर्चीत बसून, गुडघ्यांवर रजई घेऊन, अख्ख्या तळ्याला झापत होती. "ए लाल जाकीट! दोराच्या आत फोटो काढायचाय? काढ, तोच तुझ्या श्राद्धाला लावू!" लाल जाकीट उड्या मारत परत आलं. "आणि हसू नका, तुम्ही पाच जण! एका भोकाशी पाच? पांगा!"

तेबोक रोज पहाटे पहार घेऊन दोराच्या कडेने फिरायचा. ठण्ण वाजतंय ना ते ऐकायचा. जिथे आवाज दबला तिथे दोर दोन पावलं मागे घ्यायचा. चाँगबे त्याच्यामागे ताटं घेऊन चालायचा आणि एका शब्दानेही विचारायचा नाही की का.

अठरा दिवस तळं माणसांनी भरलेलं होतं. अठरा दिवसांत कुणाचा मोजासुद्धा भिजला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी बर्फ करकरायला लागला तशी ओकजाने भोंग्यातून सगळ्यांना बाहेर काढलं, शेवटचा तंबू उचलला गेला, आणि गावाने काठावर तांदळाच्या दारूचे वाडगे भरले. पहिला वाडगा चाँगबेने बर्फावर ओतला. "एकतीस हिवाळे," तो म्हणाला. गाव ओरडलं. म्हाताऱ्यांनी थाप्या बडवाव्यात तशा मांड्या बडवल्या. तेबोकही ओरडला, घसा बसेपर्यंत.

मग बोकनामने वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "वरच्या वाडीच्या बायका आमच्या झऱ्यावर येत नसत हं. त्यांचा त्यांचा दुसरा झरा होता. गिरणीच्या पलीकडं."

पाणी असंच उतरत राहिलं तर गिरणीच्या पलीकडचा बर्फ पुढच्या वर्षी मासेमारीला लागणार आहे. त्या झऱ्यावर धुतलेल्यांपैकी एकच बाई आता जिवंत आहे, लांब उल्सान शहरात मुलाकडे असते. तिला अजून विचारलेलं नाही.